स्पीकरमधला घूंऽऽऽ

आवाजाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! शेजारच्या घरात चमचा पडला, तर तो स्टीलचा की लाकडाचा हे मी घरबसल्या सांगतो. म्हणून तर बेडरूममधलं कपाट हलवून, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी घरातच स्टुडिओ उभारला. बायको म्हणते आत गुदमरायला होतं. होईना का! आवाज बघा काय येतो!

त्याच स्टुडिओत बायकोने आपल्या पहिल्यावहिल्या कामासाठी नमुना रेकॉर्ड केला होता. लिफ्टमधल्या सूचनांचा! "दार बंद होत आहे. कृपया हात सांभाळा." लिफ्ट कंपनीचे साहेब दुपारी स्वतः घरी येऊन तो ऐकणार होते. बिचारी इतकी घाबरली होती की सकाळपासून आम्हा सगळ्यांशी त्याच सुरात बोलत होती.

जेवण झाल्यावर मी स्पीकर लावले आणि ऐकतो तो काय, घूंऽऽऽ!

"मला तर काही ऐकू येत नाही," बायको म्हणाली.

"माझे कान आहेत हे! साहेबांनी हे ऐकलं तर काम हातचं गेलंच समज!"

तिचा चेहरा पडला. मी बाह्या सरसावल्या. पंखा बंद केला. घूं. फ्रिज बंद केला. घूं. टीव्ही बंद केला, तर आई ओरडली, "अरे मेल्या, आत्ता खुनी सापडत होता!"

मग स्पीकरच्या वायरीला बोट लावलं, आणि घूं थांबला! बोट काढलं की सुरू.

"मग साहेब जाईपर्यंत धरून बसा तस्सेच," बायको म्हणाली.

इतक्यात डोक्यात प्रकाश पडला. आम्ही चौथ्या मजल्यावर, सगळ्यात वर. आणि गच्चीत लिफ्टची मोटर! सापडला चोर! धावत खाली गेलो. लिफ्टपाशी टाय लावलेले एक गृहस्थ उभे होते.

"चालू आहे ना लिफ्ट?"

"अहो, एकदम झकास!" मी अदबीने दार उघडून त्यांना आत बसवलं, मीटरच्या खोलीत गेलो आणि लिफ्टचा खटका खाली ओढला.

वर जायला आता जिनाच होता, हे तेव्हा लक्षात आलं. धापा टाकत स्टुडिओत शिरलो. घूं गायब! मी आनंदाने स्पीकरला मिठीच मारली, आणि दचकलो. आतून कोणीतरी ओरडत होतं!

"वाचवा! दार उघडा!"

"अगं, रेडिओ पकडतोय हा! नाटक लागलंय बघ. काय जीव तोडून काम करतोय!"

"नाटक कसलं! जिन्याकडून येतंय ते!" बायको बाहेर धावली. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लटकली होती. "अहो, काय बंद केलंत तुम्ही?"

उत्तर द्यायला मी थांबलो नाही. जिना उतरताना मागून बायकोचा आवाज ऐकू येत होता. शांत, गोड, ठाम. "घाबरू नका. कृपया स्थिर उभे राहा. दार लवकरच उघडेल." आरडाओरडा हळूहळू थांबला.

खटका वर करून, पुन्हा सगळा जिना चढून मी पोचलो, तेव्हा ते गृहस्थ आमच्या सोफ्यावर पाणी पीत होते. टाय कानापाशी गेला होता. हेच ते साहेब! वेळेआधीच आले होते.

"ताई, काम तुमचंच," ते म्हणाले. "नमुना ऐकायची गरजच नाही. तुम्ही बोलला नसतात तर मी आत रडलो असतो."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, पण राहवेना. "साहेब, स्पीकरमध्ये जरा घूं असा आवाज होता..."

"अहो, लिफ्टमध्ये तो असतोच! त्यात तुमचा वेगळा कोणाला ऐकू येणार?"

निरोप देताना मी नम्रपणे म्हटलं, "चला, खालपर्यंत सोडतो तुम्हाला."

साहेब उंबऱ्यातच थबकले. मग हळूच बायकोला म्हणाले, "ताई, मी खाली पोचेपर्यंत यांना जरा धरून ठेवता का?"

तिने धरलं. दोन्ही हातांनी!