गाळ म्हणायचं न्हाय

आमच्या गुंडेराव सरांसमोर कुणी ‘गाळ’ म्हणालं, की ते हातातलं काम खाली ठेवतात. “गाळ विहिरीत असतोय, ताई. ह्याला पीक म्हणायचं.”

तामलवाडीजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात जिवाणू खत तयार होतं. सोयाबीनच्या मुळांना गाठी आणणारे जिवाणू मोठ्या टाकीत वाढवायचे, मग ते पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. जिवाणू भांड्याच्या कडेला बसतात, पाणी बाहेर जातं. खरवडून काढलेला तो दुधाळ थर म्हणजे सरांचं पीक. तोच बाटल्यांत भरायचा. शेतकरी पेरणीआधी बियाण्याला चोळतात. बाटल्या भरण्याचा विभाग माझा, प्रयोगशाळा सरांची.

टाकीपाशी कुणी मोठ्यानं बोललं तर सर दटावणार, “हळू! वाढत्यात ती!” सेंट्रीफ्यूजचं झाकण उघडताना चप्पल बाहेर. मालकांनासुद्धा माफी नाही. जेवताना डब्यातल्या ताकावर पाणी आलं, तरी आधी कौतुकानं बघत बसणार. “बघा ताई, कसं वेगळं झालंय!” त्यांचं बघून होईस्तोवर आमचं जेवण उरकलेलं असायचं.

यंदा ऐन पेरणीच्या तोंडावर सेंट्रीफ्यूजची मोटार जळाली. टाकी काठोकाठ भरलेली. नवी मोटार यायला आठ दिवस, तोवर टाकीतलं सगळं वाया जाणार.

मालक म्हणाले, “सर, यंदा पातळच भरा. कुणाला कळतंय?”

“बियाण्याला कळतंय,” सर म्हणाले. “पातळ बाटली माझ्या हातनं जाणार न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर टेम्पोतून उतरले, ते दुधातली मलई काढायचं हाताचं मशीन घेऊन. आम्ही हसलो. “हसा,” ते म्हणाले, “हे बी फिरवूनच वेगळं करतंय की.”

टाकी गार केली, थोडी तुरटी फिरवली, म्हणजे जिवाणू एकमेकांना धरून जड होतात. मग मशीन धुऊन उकळून घेतलं आणि सर हँडलला भिडले. पहिल्या खेपेला भांड्यात काहीच नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. मालक कपाळाला हात लावून बसले. सरांनी नळ बारीक केला, पाणी जेमतेम धारेनं सोडलं अन् पुन्हा फिरवलं. या वेळी कडेला बोटाला लागेल एवढा थर बसला होता. त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

“जित्ती हायत!” टाकीपाशी उभे राहून सरच ओरडले.

मग सगळ्यांनी आळीपाळीनं फिरवलं. मालकांनीही, अनवाणी. बाटल्या नेहमीपेक्षा कमी निघाल्या, पण घट्ट निघाल्या.

नवी मोटार बसल्यावर मशीन पोचवायला मी सरांबरोबर त्यांच्या घरी, येडशीला गेले. गोठा झाडून लख्ख केलेला होता, पण रिकामा.

“म्हैस कुठंय, सर?”

“मंडळी गेल्या, तवाच इकली.”

“मग मशीनला इतकं तेलपाणी?”

सर मशीन ओट्यावर ठेवून तेल घालत, नट आवळत होते. “ती रोज पहाटं फिरवायची. त्या आवाजानं मला जाग यायची. आता म्याच फिरवतो. रिकामंच.”

त्यांनी हँडल धरलं. आधी घरघर झाली, मग वेग आला तसा बारीक, एकसारखा सूर लागला.

“आठ दिवस घर लई गप होतं,” ते म्हणाले, आणि हँडल सोडून माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले. मशीन कितीतरी वेळ फिरत राहिलं.