तेविसावं पान

सुनेच्या चाचणीच्या दिवशी मास्तर तासभर आधीच कारखान्यात गेले आणि त्यांनी मिलिंग मशीन घासायला घेतलं. एकवीस वर्षं ते हे मशीन चालवत होते, पण त्याला इतकं लख्ख त्यांनी कधीच केलं नव्हतं. आज गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर काम जमलं तर सुनेची नोकरी कायम होणार होती, नाहीतर महिनाअखेरीला रामराम. मास्तरांनी कानाकोपरा पुसला. काम धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या पोटात त्यांनीच कधीकाळी खुपसलेली जुन्या चपलेची टाचही उपसून भंगाराच्या पिंपात टाकली. पाहुण्यांना चप्पल दिसायला नको.

सुनेचं काम होतं मशीनची थरथर आधीच ओळखण्याचं. पातळ भिंतीचा भाग कापताना कटर थरथरायला लागला की कानठळ्या बसतात आणि धातूवर वळ्या उमटतात. सून एका छोट्या हातोडीने टकटक करायची आणि कटरच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मशीन शांत राहील, ते संगणक सांगायचा. सुरुवातीला अंदाज साफ चुकायचे. मग अकरा दिवस कापून बघत, आकडे जुळवत तिने ते असे बसवले, की संगणकाचं आणि मास्तरांच्या कानांचं एकमत झालं. मास्तरांनी हे घरी जेवताना बायकोला इतक्यांदा सांगितलं, की तिने वाढणंच थांबवलं.

"चार हजार दोनशे फेरे," सून तपासनिसांना म्हणाली. "आवाज येणार नाही."

तिने बटण दाबलं आणि मशीनने अशी किंकाळी फोडली, की मालकांचा चहा कपातून बशीत आला.

 काय झालं ते मास्तरांना त्याच क्षणी कळलं. पण तपासनिसांच्या हातात सुनेचा बावीस पानी अहवाल होता आणि त्यात चपलेचा उल्लेख कुठेही नव्हता. आता सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत.

सुनेने कटर बदलला. किंकाळी. मग पंखा बंद केला, तरी किंकाळी. मालकांना फरशीवरच्या वजनाचा संशय आला आणि त्यांनी अंगाने भरभक्कम असलेल्या तपासनिसांना दोनदा जागा बदलायला लावली. तिसऱ्यांदा ते बिचारे दाराबाहेर उभे राहून अहवाल वाचू लागले.

"बाबा, तुमचे कान काय म्हणतात?" सुनेचा आवाज रडवेला झाला होता.

"आलोच," म्हणून मास्तर सटकले.

सून शोधत मागे आली, तेव्हा मास्तर कमरेपर्यंत पिंपात होते.

"बाबा, काय शोधताय?"

"चपलेची टाच. बारा वर्षं फिक्स्चरच्या पोटात होती. थरथर पिते ती. आज तुझा मोठा दिवस म्हणून मीच काढून टाकली गं."

"मग आधी कधीच का नाही सांगितलंत?"

"तू रोज टकटक करायचीस. मला वाटलं, तुझ्या हातोडीला कळलंच असेल."

सून खो खो हसत सुटली. "हातोडीला कळलं होतं, बाबा. मलाच नव्हतं कळलं. सरका, मीही शोधते."

टाच जागेवर बसली. सुनेने टकटक केली, आकडे पूर्वीसारखे आले आणि चार हजार दोनशे फेऱ्यांना मशीन नुसतं गुणगुणलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तपासनिसांनी आत येऊन गुळगुळीत भिंतीवरून नख फिरवलं.

"आत काय घातलंत?"

"ते एक खास प्रकारचं..." मालकांनी सुरुवात केली.

"चपलेची टाच," सून म्हणाली.

"डाव्या पायाची," मास्तरांनी भर घातली. "वापरलेली."

"अहवालात लिहा," तपासनीस गंभीरपणे म्हणाले. "आणि ही हरवली तर? जोडीला आणखी एक हवी. नवी नको, तुमचे आकडे झिजलेलीवर बसलेत. ती तयार ठेवायचं लिहून द्या, मी सही करतो."

सुनेने तेविसावं पान जोडलं आणि नोकरी कायम झाली.

तेव्हापासून मास्तर नव्या चपला घालून गल्लीत फेऱ्या मारतात. दर रविवारी सून व्हर्निअर घेऊन त्यांच्या टाचा मोजते.

"अजून दीड मिलिमीटर झिजायची आहे, बाबा."

मास्तर निमूटपणे पुन्हा दाराकडे वळतात. फरफटत चालता म्हणून तीस वर्षं त्यांना बोल लावणारी बायको आतून बजावते, "आणि जरा पाय ओढत चाला."