सदतीस पेनं आणि एक सही

"काका, ही सही तुमची नाहीये," लॉकरच्या काउंटरवरची अधिकारी म्हणाली.

दौतरावांनी आधी सहीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. सही त्यांनी आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत केली होती. शाई अजून वाळलीसुद्धा नव्हती.

"मग कोणाची आहे?"

"ते मी कसं सांगू? आमच्याकडच्या नमुन्याशी जुळत नाही, एवढं खरं."

दौतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आणि शाईपेनाशिवाय कशालाही हात लावायचे नाहीत, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव ठेवलं होतं. सात वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना एक स्वस्तातलं चिनी शाईपेन दिलं आणि माणूस हातचा गेला. पाकीट चीनहून निघालं की महिना-दीड महिना वाट बघायची, छापखान्याच्या पत्त्यावर आलं की दाराआड उघडायचं. पेन दिसायला एखाद्या महागड्या पेनाचं जुळं भावंड, वजनाला पीस. निब चांगली लागली तर कागदावरून घरंगळत जायची, वाईट लागली तर मांजरासारखी ओरबाडायची. मग तिला नखं घासायच्या कानशीवर घेऊन माणसात आणायचं. महाग पेनात हा दुसरा आनंद मिळत नाही, असं दौतरावांचं ठाम मत होतं. अशी सदतीस पेनं त्यांच्याकडे जमली होती. त्यांच्या हिशेबानं बायकोला ठाऊक होती सहा.

बायको गणिताची शिक्षिका. शाळेपासून गल्लीपर्यंत सगळे तिला बाईच म्हणत. दौतराव बाहेर स्कूटर लावत होते तेवढ्यात बाईंनी आपला फॉर्म भरून दिला होता, त्यांची सही पहिल्या फटक्यात जुळली होती, आणि त्या आता बाकावर बसून घड्याळ बघत होत्या. उद्या सकाळी लेकीचं लग्न. तिच्या आजीची अंगठी लॉकरमध्ये, आणि लॉकर दोघांच्या सह्यांशिवाय उघडत नसे. 'माझी अंगठी माझ्या नातीच्याच बोटात,' असं आजी जाताना बजावून गेली होती. लॉकरची खोली दोनला बंद होणार, पुढचे दोन दिवस सुट्टी, आणि सव्वा वाजून गेला होता.

"आधीचे साहेब तर कधी तपासत नव्हते," दौतराव म्हणाले. "नुसता चेहरा बघून आत सोडायचे."

"म्हणूनच त्यांची बदली झाली. पुन्हा करा सही. आणि काका, हे सगळं इतकं जाड का येतंय?"

दौतराव खुलले. "या पेनाची निब टोकाशी वर वाकवलेली आहे. आडवी रेघ जाड, उभी बारीक. ब्रशसारखं चालतं. बघा ना, तुम्ही लिहून..."

"अहो!" बाकावरून आवाज आला.

दौतरावांनी खिशातलं दुसरं पेन काढलं. ते अतिबारीक निबेचं होतं. दुसरी सही कोळ्यानं जाळं विणायला घेऊन सोडून द्यावं तशी उमटली.

"छे," अधिकारी म्हणाली. "ही तर आणखीच परकी. आता ऐका, फॉर्मवर तीनच संधी असतात. तिसरी चुकली तर नवा नमुना, मोठ्या साहेबांची मंजुरी, तीन-चार दिवस. कोऱ्या कागदावर हवा तेवढा सराव करा, फॉर्मवर आता एकदाच."

बाई उठून काउंटरपाशी आल्या.

"माझी सही बदललेली नाही, पेनं बदलली आहेत," ते म्हणाले. "नमुन्यातली शाई कुठली आहे तेवढं सांगा, मी पेन ओळखतो."

"निळी आहे."

"कुठली निळी?"

"निळी म्हणजे निळी, काका!"

"असं कसं? काळपट निळी, जांभळट निळी, पावसात भिजलेल्या गणवेशासारखी निळी..."

"नमुना दाखवायची परवानगी नाही. पण तुमच्या सहीच्या शेवटी वर जाणारा एक झटका आहे. तो येत नाहीये."

झटका! दौतरावांनी विचार केला. दाबलं की पसरणाऱ्या निबेचंच काम ते. आणि इथं त्यांची पंचाईत झाली, कारण ती निब खिशात नव्हती. ती खांद्यावरच्या पिशवीत होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, पाहुण्यांची पोरं दिसेल ते उघडणारी, म्हणून दौतराव सकाळपासून खिशातली दोन सोडून बाकी सगळी पेनं पाठीशी बांधून फिरत होते. बाईंना त्यांनी सांगितलं होतं, 'पिशवीत लग्नाचे कागद आहेत.'

इकडे आड, तिकडे विहीर. दौतरावांनी अंगठीचा विचार केला, लेकीचा केला आणि पिशवीची चेन ओढली. कापडाची गुंडाळी काउंटरवर उलगडत गेली. पितळी टोपणांची, पारदर्शक, लाल, करडी, कासवाच्या पाठीसारखी ठिपक्यांची, एकेका कप्प्यात एकेक पेन. रांगेत मागे उभा असलेला गल्लीतला घड्याळजी "आई शप्पथ" म्हणून पुढे सरकला.

बाईंचे ओठ हलत होते. गणिताच्या बाई मोजत होत्या.

"खिशातली दोन धरून सदतीस," त्या म्हणाल्या.

"त्यातली बरीच सारखीच आहेत," दौतराव म्हणाले.

"सारखीच आहेत तर इतकी कशाला?"

दौतराव घाईघाईनं कोऱ्या कागदावर सह्या करत सुटले. पसरणारी निब पसरली आणि फाकूनच बसली. पितळी पेन कोरडं निघालं. पारदर्शक पेनात ड्रॉपरनं शाई भरलेली होती, ती तळाला गेली होती, आणि अशा पेनाला हाताची ऊब लागली की ते भडाभडा ओकतं. ते ओकलं. जांभळा तळ्याएवढा थेंब, अर्धा कागदावर, अर्धा काउंटरवरच्या रबरी शिक्क्यावर.

"चायनाचं असंच असतं," घड्याळजी म्हणाला.

"पेनाचा दोष नाही, माझा हात तापलाय!" दौतराव तडकले. स्वतःबद्दल काय वाटेल ते ऐकून घेतलं असतं त्यांनी, पेनांबद्दल नाही.

"काका, कुठलं पेन कधी वापरलं याची काही नोंद नाही का तुमच्याकडे?" शिक्का पुसत अधिकारी म्हणाली.

नोंद होती. तीच तर भीती होती. पेन आलं की दौतराव एका वहीत त्याची तारीख, निब, शाई लिहायचे आणि चाचणी म्हणून खाली एक वाक्य. सात वर्षं वाक्य तेच होतं. वही गुंडाळीच्या टोकाला दिसत होती, अधिकारी मुलीनं ती चटकन उचलली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'लाल, मध्यम निब. हिला सांगायचं नाही.' 'करडं, बारीक निब, जरा खरखरतं. हिला सांगायचं नाही.' 'पारदर्शक. फार सुंदर. हिला सांगायचं...' ही कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

अधिकारी मुलीनं वही हळूच मिटून ठेवली. पावणेदोन वाजले होते.

"अहो," बाई म्हणाल्या, आणि दौतरावांनी मान खाली घातली. पण बाई पेनांकडे बघतच नव्हत्या. त्या काउंटरच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथं दोरीनं बांधलेलं एक बॉलपेन लोंबत होतं. "लॉकर घेतलं त्याला नऊ वर्षं झाली. तुमचं हे खूळ सात वर्षांचं. त्या दिवशी तुम्ही ह्या दोरीच्या पेनानं सही केली होती."

"बॉलपेन?" दौतरावांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. "अगं, सात वर्षांत हात लावला नाही मी. माझं अक्षर..."

"लेकीचं लग्न उद्या आहे."

दौतरावांनी दोरीचं पेन उचललं. शाई निळी होती, नुसती निळी. दोरी आखूड होती, इतकी की वाकून, कोपर काउंटरबाहेर काढून लिहावं लागलं. सही शेवटच्या अक्षरापर्यंत आली आणि दोरी संपली. पेनाला हिसका बसला, रेघ सर्रकन वर गेली.

"मेलो," दौतराव म्हणाले.

"जुळली!" अधिकारी खुर्चीतून उठलीच. "हाच तो झटका! डिट्टो!"

घड्याळजीनं टाळी वाजवली. नऊ वर्षं बँकेनं ज्याला दौतरावांची ओळख म्हणून जपून ठेवलं होतं, तो आखूड दोरीचा हिसका होता. अधिकारी मुलीनं नवरा-बायकोचे दोन्ही फॉर्म एकत्र टाचले, शिक्का मारला आणि दौतरावांच्या हातात दिले. शिक्का थोडा जांभळा उमटला.

लॉकरच्या अरुंद खोलीत बाईंनी डबी उघडून अंगठी पाहिली, डोळे पुसले. "चला, मिळाली एकदाची," असं म्हणून त्या वळल्या, तर दौतराव फॉर्मकडे टक लावून उभे. वरच्या फॉर्मवर त्यांची वाकडी सही होती. खालच्या फॉर्मवर बाईंची. शेवाळी हिरव्या शाईत, अतिबारीक निबेनं केलेली. ती शाई दुकानात मिळत नव्हती. दौतरावांनी ती दोन बाटल्यांतले थेंब मोजून स्वतः बनवली होती, एका हिरव्या पेनासाठी. ते पेन वर्षापूर्वी छापखान्यातून नाहीसं झालं, आणि तेव्हापासून त्यांनी तिथल्या बाइंडरशी अबोला धरला होता.

"हे पेन..." त्यांनी हिरव्या सहीवर बोट ठेवलं.

बाईंनी पर्समधून हिरवं पेन काढलं. "छापखान्यात नव्हतं राहिलं. धुवायच्या सदऱ्याच्या खिशात होतं. एकदा लिहून बघितलं आणि परत द्यावंसंच वाटेना."

"आणि शाई?"

"तुमच्याच बाटलीतली. उन्हाळ्यानं आटते, असं तुम्हीच म्हणत होता ना?"

"मागितलं असतंस तर..."

"एवढी पेनं मागवलीत. एकदा तरी विचारलंत, तुला एखादं हवंय का म्हणून?"

दौतराव खरोखर वरमले. सात वर्षं लपवाछपवी करण्यात ते इतके गुंतले होते, की ही गोष्ट वाटून घेता आली असती हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "आणि त्या बिचाऱ्या बाइंडरला मी वर्षभर..."

"त्याला मी तेव्हाच सांगितलंय. तो उद्या लग्नाला येतोय, तेव्हा नीट बोला." बाईंनी काउंटरवरून उचलून आणलेली वही त्यांच्यापुढे धरली. "हरवलेल्या पेनाचं पान पुन्हा कधी उघडलंत का?"

उघडलं नव्हतं. दुःखच तेवढं होतं. दौतरावांनी आता ते पान काढलं. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हिरवं, अतिबारीक निब. हिला सांगायचं नाही.'

त्याच्या खाली, त्याच शेवाळी शाईत, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात आणखी एक ओळ होती.

'निब उत्तम. ह्यांना सांगायचं नाही.'