सोयरे चुकवून समुद्र पाहिला त्याची हकीकत

कुलस्वामिनीस हळदकुंकू वाहिले, थोरल्या गणपतीपुढे दूर्वा ठेविल्या, आणि घडले तैसे सांगावयास घेतले ते ऐसे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्र सरता सरता घाटमाथ्यावरील एका राज्यात आक्कासाहेबांची मर्जी चिरंजीव रणधीरराव यांजवर खप्पा जाहली. राज्य म्हणजे दुमजली घर, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, दारी एक गाडी, आणि सर्वांवर अंमल आक्कासाहेबांचा. शाळेचे तोंड त्यांनी दुसरीपर्यंतच पाहिले. परंतु जिभेस धार ऐसी, की भाजीवाला दुरून पाहताच आपण होऊन कोथिंबीर वर ठेवी.

तक्रार ऐसी की, चिरंजीवांचे वर्तन काही केल्या सुधारेना. दरसाल उन्हाळा लागला की चिरंजीव आणि सूनबाई मृणालिनीबाई विमानात बसोन परमुलखी जात. एके साली बर्फाचा मुलूख, एके साली वाळूचा मुलूख, एके साली उंच इमारतींचा. आणि परत आले म्हणजे आक्कासाहेबांपुढे चॉकलेटांचा नजराणा ठेवीत, आणि तो नजराणा आक्कासाहेबांच्या कवळीस चिकटे, आणि मग दोन दिवस राज्यात कोणी धड बोलत नसे. इकडे घाट उतरला की समुद्र, तो मात्र कोणी पाहिला नव्हता. आक्कासाहेबांनीही पाहिला नव्हता. उभ्या जन्मात त्यांचा प्रवास जाहला तो लग्नास, बारशास, मयतास, नाहीतर नवस फेडावयास. नुसते बघावयास म्हणोन त्या कोठे पोचल्या नव्हत्या. यंदा पावसाळा सरला की दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले होते, आणि त्याआधी आपल्या पायांनी वाळूत उभे राहावे ऐसे त्यांच्या मनात होते. परंतु मागणे हा आक्कासाहेबांचा स्वभाव नव्हे, म्हणोन त्या मागत नव्हत्या, रागावत होत्या.

तों एके दिवशी जेवतेसमयी रणधीररावांनी यंदा बेटांच्या मुलखी जाणार ऐसे जाहीर केले, आणि आक्कासाहेबांनी वाढता वाढता डाव आमटीत तैसाच धरिला आणि पुसत्या जाहल्या, "पुन्हा विमान? इकडं बघण्यासारखं काही उरलंच नाही का रे?" चिरंजीव बोलिले, "तसं नव्हे आई, तिकडे शिस्त असते. कोणी रस्त्यात थुंकत नाही." आक्कासाहेब म्हणाल्या, "तू थुंकतोस का?" "नाही." "मग इथलं एक तोंड तरी सुधारलं की." चिरंजीव म्हणाले, तिकडचे रस्ते लोण्यासारखे. "रस्ते बघायला जाता होय रे?" मग म्हणाले, तिकडची थंडी वेगळीच. "फ्रीजचं दार उघड आणि उभा राहा." मग आक्कासाहेबांनी बर्फातल्या मोहिमेची तसबीर मागविली, आणि तीत पाहतात तो चिरंजीव, सूनबाई, आणि मागे कानटोप्या घातलेले आपल्याच पेठेतले सराफ सहकुटुंब, आणि सर्वांच्या हाती वरणभाताच्या ताटल्या. "एवढा समुद्र ओलांडून सराफाच्या पंगतीला बसलास," आक्कासाहेब म्हणाल्या, "त्यापेक्षा गल्ली ओलांडली असतीस तर त्यानं शिरापण दिला असता." चिरंजीव भात कालवू लागले.

तेव्हां सूनबाई, की ज्या सहसा मध्ये पडत नसत, पोळीवर तूप सोडता सोडता बोलल्या, "आईसाहेब, मी सांगू खरं? तिकडे आपलं कोणी नाही, म्हणून जातो." आक्कासाहेब म्हणाल्या, "म्हणजे?" मग सूनबाईंनी जुनी मोहीम काढली. ती ऐसी की, लग्न नवे असता घाटाखाली समुद्र पाहावयाची स्वारी निघाली होती, आणि सूनबाईंनी त्यासाठी लाल फितीची गवती टोपी घेतली होती. परंतु आक्कासाहेबांनी आदले दिवशी सर्व सोयऱ्यांस वर्दी दिली. मग पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी थालीपीठ, तिसऱ्या घरी ओटी भरणे आणि पुन्हा पोहे, आणि शेवटी आक्कासाहेबांचे धाकटे बंधू बापूसाहेब यांचे घरी मटणाचे जेवण, आणि ऐसा आग्रह की पुरुषमंडळी जागेवर आडवी जाहली, आणि नव्या सूनबाई मामींबरोबर वाटण वाटीत बसल्या. दिवस मावळला. समुद्र टेकडीपलीकडे तैसाच राहिला. फौज नारळ आणि ब्लाउजपिसांनी भरलेली गाडी घेऊन परतली, आणि टोपी पिशवीतून निघालीच नाही. "पुढच्याच साली आम्ही पासपोर्ट काढला," सूनबाई म्हणाल्या, आणि पोळी वाढून आत गेल्या.

आक्कासाहेबांस हा घाव वर्मी बसला. लोकांकडे गेले, लोकांनी केले, यात वावगे ते काय, हे त्यांस उमजेना. आणि तरी ती न निघालेली टोपी मनातून जाईना. मग दुसरे दिवशी त्यांनी हुकूम काढिला की यंदा स्वारी घाटाखाली, समुद्राकडे, आणि बेटांचा मुलूख रद्द. सूनबाईंनी अट घातली: कोणा सोयऱ्यास वर्दी जाऊ नये, कोणाचे दारी गाडी थांबू नये, आणि मुक्काम हॉटेलात. गावात रक्ताचा माणूस असता भाड्याच्या गादीवर निजणे म्हणजे आक्कासाहेबांच्या लेखी नाक कापून घेणे होते. त्या बराच वेळ सुपारी कातरीत बसल्या आणि मग म्हणाल्या, "दिला शब्द. आक्काचा आहे, तुमच्या टूरवाल्याचा नव्हे." परंतु त्याच आठवड्यात बापूसाहेबांचा निरोप आला की गुडघ्याने अंथरूण धरिले आहे, उठवत नाही, कोणी भेटीस येण्याची तसदी घेऊ नये, आणि बापूसाहेबांचे घर तर ऐन रस्त्यावर. तेव्हां शब्द पाळावा की आजारी भावाचे दारी थांबावे, ऐसा पेच पडला, आणि आक्कासाहेबांनी तो कोणास सांगितला नाही.

वैशाख शुद्ध पक्षी पहाटे कूच केले. घाट उतरले. उकाड्याने मंडळी हैराण जाहली. आणि जों जों बापूसाहेबांचे गाव जवळ येई तों तों त्या सीटवर खाली सरकू लागल्या, आणि पदर नाकापर्यंत ओढून घेतला, जणू शत्रूचे ठाण्याखालून जाणे आहे. सूनबाईंनी मागे वळून पाहिले आणि हळूच पुसले, "आईसाहेब, थांबायचं का पाच मिनिटं?" आक्कासाहेब म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द. गाडी हाण रे." परंतु पदराच्या फटीतून पाहिलेच. हिरव्या फाटकास कुलूप. अंगणातल्या फणसाखाली गाडी नाही. आक्कासाहेबांच्या मनात आले, की बापूस दवाखान्यात हलविले की काय, आणि आपण चोरासारख्या पुढे निघालो. हॉटेलात उतरून त्यांनी बंधूंस फोन लाविला तो लागेना, आणि पुन्हा लाविला तरी लागेना. समुद्र खिडकीतून दिसत होता, पण त्यांनी तिकडे पाहिले नाही; आणि जेवण दोन घासांचे जाहले.

सकाळी मंडळी नाश्त्याच्या दिवाणखान्यात गेली. आक्कासाहेबांनी ठरविले होते की चहा घेताच गाडी फिरवून दवाखाने धुंडायचे, शब्द गेला चुलीत. तों पुढे पाहतात तो आंबोळीच्या रांगेत एक गृहस्थ, अंगात फुलाफुलांची अर्धी विजार, डोळ्यांस काळा चष्मा, हाती ऑम्लेटची बशी, आणि पाय दोन्ही ठणठणीत, एकावर भार देऊन ताल धरीत उभे. ते बापूसाहेब. रणधीरराव ओरडणार, "आई, मा..." तोंच आक्कासाहेबांनी चिरंजीवांच्या तोंडावर हात दाबिला आणि दोघांस घेऊन खांबाआड जाहल्या. आधी जीव भांड्यात पडला, की बापू धडधाकट आहे. मग संताप आला, की मला फसविले. परंतु बापूसाहेब दारात कोणी आले की दचकून मान वळवीत आणि बशी तोंडापुढे धरीत, आणि ते पाहून आक्कासाहेबांस आपला नाकापर्यंतचा पदर आठवला. मग त्या मागल्या दाराने वाळूत उतरल्या.

आणि पुढे समुद्र होता. आक्कासाहेब पाहतच राहिल्या, आणि एवढेच म्हणाल्या, "केवढं रे हे, आणि कोणी आवरायला नाही." मग एका ओढून ठेविलेल्या होडीच्या सावलीस बसल्या आणि फोन लाविला. या खेपेस लागला. वर हॉटेलच्या गच्चीवर फुलाफुलांची विजार कठड्याशी आलेली इकडून दिसत होती. "बापू, गुडघा कसा आहे रे?" "काय सांगू आक्का, कूस बदलवत नाही." "खाल्लंस काही?" "पेज. दुसरं काही ठरतच नाही पोटात." "आणि मागं हा आवाज कसला घोंघावतोय?" "पंखा गं. जुना झालाय." आणि मग बापूसाहेब म्हणाले, "आक्का, तुझ्याकडनंपण येतोय की आवाज." "आमचापण पंखाच." "बदलून टाक मग." "तू बदल आधी. आणि जप हो, काळा चष्मा लावून पायऱ्या उतरू नकोस." "कसला चष्मा?" "मोतीबिंदूचा रे, पुढंमागं कधी झालं तर." ऐसे बोलोन फोन ठेविला.

सूनबाई हसता हसता वाळूत बसल्या, आणि मग पिशवीतून ती लाल फितीची टोपी काढिली, की जी इतकी वर्षे दबून एके बाजूस वाकडी जाहली होती, आणि उठून आक्कासाहेबांच्या डोईवरच्या पदरावर ठेविली. आक्कासाहेबांनी ती काढिली नाही. मग एका हाती सूनबाई, एका हाती चिरंजीव, ऐशा त्या घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या आणि लाट आली तेव्हां लहान पोरीसारख्या ओरडल्या, आणि कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही. दोन दिवस त्यांनी कोणास जेवलास का ऐसे पुसले नाही, आणि कोणी त्यांसही पुसले नाही. हॉटेलातला चहा तेवढा परत पाठविला, साखरेसाठी.

एकूण मोहीम फत्ते जाहली. समुद्र दृष्टीस पडला, सोयरे चुकले, बंधूंची अब्रू राहिली, टोपी सार्थकी लागली. आणि परत निघते समयी आक्कासाहेब गाडीत बसल्या, टोपी मांडीवर घेतली आणि निवाडा दिला तो ऐसा: "रणधीर, ऐकून ठेव. तू बर्फ बघायला जात नव्हतास. तुला जायचं होतं जिथं 'जेवल्याशिवाय सोडणार नाही' म्हणणारं कोणी नाही तिथं. तर असला परदेश घाट उतरला की लागतो, कोणाला कळवलं नाही म्हणजे झालं. आता माझे गुडघे नवे झाले की आपलाच मुलूख हिंडायचा, दरसाल, असाच गुपचूप. आणि पुन्हा विमानाचं नाव काढलंस तर खुशाल जा, मी अडवणार नाही. फक्त शेजारच्या खुर्चीत तुझ्या बापूमामाला बसवीन."