मुलींचा खंदक

“मान खाली, दिवाकर. विचारलं तेवढंच बोलायचं.”

तेवीस वर्षांपूर्वीचा गुरुजींचा हा आवाज दिवाकररावांच्या कानात अजून ताजा होता, आणि घरात कुणी विचारलं नसतानाही ते तो सर्वांना ऐकवत. पासष्टची लढाई सुरू झाली तशा तोफांच्या सरकारी फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. लेथ मशीनच्या घरघरीतून उठून माणूस घरी आला, की ताटावर त्याचे दोनच विषय असत. एक, फॅक्टरीच्या आवारात हवाई हल्ल्यात लपायचे खंदक कसे नागमोडी आणि छातीभर खोल खोदले. आणि दुसरा, आजकालची पोरं.

“आमच्या वेळी गुरुजी नुसते खाकरले, की पन्नास पोरं उभी राहत,” ते म्हणत.

“त्यांना आधी खोकल्याचं औषध काहून नाही दिलं कोणी?” शैलजा विचारी. पोरगी अकरावीत होती, आणि जीभ तिच्या पुढे चार वर्गांनी.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी शाळेची चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. हेडमास्तरांनी वडिलांना बोलावलं होतं. शैलजाने माफीनाम्यावर सही केली नाही तर तिचा बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म जाणार नव्हता. आणि फॉर्म जायचा शेवटचा दिवस आजच होता.

“काय करून ठेवलं हिनं?”

“खंदक खोदला,” पुष्पाबाई म्हणाल्या. “त्यात हेडमास्तर पडले.”

झालं होतं ते असं. शाळेत खंदक खोदायचा हुकूम आला. हेडमास्तर रामकृष्णजींनी मुलांना कुदळी दिल्या आणि मुलींना लोकर. भर सप्टेंबरच्या उकाड्यात, जवानांसाठी मफलर विणायला. शैलजाने दोन दिवसांत चार बोटं मफलर विणला, तोही एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. मग सुया खाली ठेवल्या आणि अकरा मुलींना घेऊन शाळेमागे गेली. तिथली जमीन मऊ होती, कारण तिथे हेडमास्तरांची भेंडी होती. पुढचे तीन दिवस हेडमास्तर सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत कसल्याशा बैठकांना जात होते. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बांगड्या कोपरापर्यंत सारून बारा जणी खोदत होत्या, जणू भुईचा उखाणा सोडवत होत्या. चौथ्या दिवशी हेडमास्तर हातातलं वर्तमानपत्र वाचत भेंडी तोडायला गेले, आणि बातमी अर्धी वाचून होते तोच दिसेनासे झाले. लागलं काही नाही. धोतराचा रंग तेवढा बदलला.

“अकरा जणींनी सही केली नं?” दिवाकरराव म्हणाले. “तूही कर.”

“भेंडीची माफी मागते, बाबा. सर पडले त्याची दहादा मागते. पण कागदावर लिहिलंय, खोदणं हे मुलींचं काम नाही, हे मला मान्य आहे. ते मला मान्य नाही.”

“तुला कोणी विचारलं?”

“विचारलं नं. खाली सही मागून राहिले, म्हणजे विचारलंच.”

दिवाकरराव रागावून ताटावरून उठले.

लढाईच्या दिवसांत फॅक्टरीतून दोन तासांची सुट्टी मिळवणं म्हणजे वाघिणीचं दूध. फोरमनपुढे हात जोडून ते तसेच खाकी कपड्यांत, खिशात मोजपट्टी ठेवून, सायकलीवर निघाले. गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून घंटी वाजवत जाताना त्यांनी मनात पाठ केलं होतं: पोरीला सही करायला लावायची, फॉर्म द्यायचा, परत.

पण शाळेच्या फाटकावरच्या नथ्थू शिपायाने त्यांना दुरून पाहिलं. खंदक तपासायला आज मोठा साहेब येणार, एवढंच त्याला माहीत होतं. खाकी कपडे दिसले तसा तो आत धावला. “बडे सर, साब आ गये.”

हेडमास्तर टोपी सावरत आले. मुलांच्या पालकांना ते ओळखत. मुलींच्या घरून नेहमी आया येत.

“या, या, साहेब. आधी खंदक बघू, मग चहा.”

“मी ते... माझी मुलगी...”

“मुलीबाळी सगळ्यांनाच असतात, म्हणून तर ही तयारी. चलो, इकडून.”

दिवाकरराव विचारलं तेवढंच बोलणारे. कुणी काही विचारलंच नाही. मुलांचा खंदक समोर आला: पट्टीने आखल्यासारखा सरळ, गुडघ्याएवढा, आणि आत बेडूक. तेव्हा मात्र त्यांच्यातला कारागीर गप्प बसेना.

“हा सरळ काहून खोदला? बॉम्बचा एक तुकडा इकडून शिरला तर तिकडून निघेल, सगळ्यांना घेऊन.”

हेडमास्तरांचा चेहरा पडला. “दुसरा आहे, साहेब. मागे.”

मागच्या खंदकापाशी दिवाकरराव थबकले. नागमोडी, छातीभर खोल, काठावर माती चोपलेली, उतरायला पायऱ्या. ते आत उतरले, पट्टी लावली, आणि बोर्डात पहिल्या आलेल्या लेकराला कुरवाळावं तसा मातीवरून हात फिरवला. “हा पास,” ते म्हणाले. “आमच्याकडेही असा नाही.”

“आमच्या मुलींनी खोदलाय,” हेडमास्तर सगळ्या मास्तरांसमोर ऐटीत म्हणाले. “अर्थात, माझ्याच मार्गदर्शनाखाली.”

तेवढ्यात वर्गाच्या खिडकीतून आवाज आला. “बाबा, तुम्ही त्यात काय करून राहिले?”

पुढची दोन मिनिटं फार वाईट गेली. बापलेकीला ऑफिसात नेऊन हेडमास्तरांनी शैलजाच्या लिहून ठेवलेल्या माफीनाम्याशेजारी आणखी एक कोरा कागद ठेवला. “अच्छा. म्हणजे बाप वेषांतर करतो आणि लेक खड्डे खोदते. दोघांचे माफीनामे हवेत. नाही तर तुमच्या फॅक्टरीत कळवतो.”

शैलजाने बापाकडे पाहिलं. खाकीतला तो माणूस एकदम लहान दिसत होता. तिने टाक उचलला. “आणा, सर. दोन्हींवर मीच करते. बाबांना जाऊ द्या.”

दिवाकररावांनी तिचं मनगट धरलं. “नाही करायची.”

“बाबा, फॉर्म...”

“नाही म्हटलं नं.”

बाहेर जीप थांबली. या वेळी नथ्थूने दोनदा निरखून पाहिलं आणि मगच आत आला. “सर, असली साब आये हैं. पूछ रहे हैं, खंदक कहाँ है.”

दिवाकररावांची मान वर होती. “सर, साहेबांना कोणता खंदक दाखवता? बेडकाचा, की मुलींचा? मुलींचा दाखवाल तर त्यांना हा कागदही दाखवा, की खोदणं मुलींचं काम नाही म्हणून.”

हेडमास्तरांनी खिडकीतून जीपकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि शैलजाच्या फॉर्मवर शाळेचा शिक्का इतक्या जोरात मारला की दौत हलली.

फाटकाबाहेर शैलजा सायकलीच्या मागे बसली. बाजार मागे पडल्यावर म्हणाली, “सकाळी तर तुम्हीच म्हणत होते, सही कर. मग हात काहून धरला?”

दिवाकरराव पायडल मारत राहिले. चढ आला तसे उतरले, सायकल हाताने ढकलू लागले. तिच्याकडे न बघता म्हणाले, “बेचाळीस साली आमचा अख्खा वर्ग झेंडा घेऊन बाहेर पडला. मी बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांकडे माफीनामा मागितला. एकानंही दिला नाही, बेटा. मी दिला. मी तर बाहेरही पडलो नव्हतो.”