उसनी लाज

आमच्या ऑफिसातल्या अंबेकर सरांना दुसऱ्यांची लाज वाटते. दुसऱ्यांमुळे नव्हे, दुसऱ्यांच्या वतीनं. ज्यानं लाजायला हवं तो खुशाल हिंडत असतो आणि इकडे सरांचे कान लाल होतात.

परवा खालच्या हॉटेलात वेटरच्या हातून ग्लास फुटला. वेटर निवांत झाडू आणायला गेला. सर मात्र गल्ल्यावरच्या मालकाकडे बघून "सॉरी हां" म्हणाले. लग्नात बँडवाला बेसूर झाला की सर खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागतात, आणि त्यांच्या बुटांना लेस नसते. टीव्हीवर कुणी सोपा झेल सोडला की ते चॅनल बदलतात. "पुन्हा पुन्हा दाखवून राह्यले हो. त्याची माय बघत असंल न घरी," असं वर आम्हालाच सुनावतात.

दिगंबर अंबेकर रोज अंबडहून एस.टी.नं जालन्याला येतात. आमची सहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बियाणं कंपन्यांच्या गोदामांसाठी आणि सळईच्या कारखान्यांतल्या वजनकाट्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. त्यातला निम्मा कोड सरांनी लिहिलाय आणि उरलेल्या निम्म्यातल्या चुका सरांनी काढल्यात. मी पुण्यात नोकरी करून परत आलेली, त्यामुळे आपल्याला इथल्या सगळ्यांपेक्षा जरा जास्त कळतं असा माझा समज. आमचे मालक बोराडे साहेब यांचाही तोच समज, म्हणून मला टीम लीडर करून टाकलेलं.

चूक दाखवण्याची सरांची एक पद्धत आहे. ते कुणालाही चूक जागेवर सांगत नाहीत. उठून टेबलाशी येतात, खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "चला, जरा टाकी बघून येऊ." जालन्यात पाण्याची टाकी बघायला कारण लागत नाही. गच्चीवर गेल्यावर ते आधी खरंच झाकण उघडून आत बघतात आणि मग टाकीलाच सांगितल्यासारखं हळूच बोलतात, "ते कालचं बराबर हाय. बिलकुल बराबर. फक्त ट्रक रिकामा आला तर काय व्हईल, तेवढं बघा." मला ते चारचौघांत 'मॅडम' म्हणतात आणि टाकीपाशी 'माय'.

आपण कुणाला वर का नेतो हे कुणालाच कळत नाही, अशी सरांची समजूत आहे. प्रत्यक्षात ते जिना चढायला लागले की सगळं ऑफिस एकमेकांकडे बघतं आणि "आज कोण टाकीवर?" असं विचारतं. हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कसं? त्याचीही त्यांनाच लाज वाटायची.

आमचा कोड तेव्हा ज्याच्या त्याच्या कंप्युटरवर आणि बोराडे साहेबांच्या पेन ड्राईव्हवर राहायचा. एकदा मी आणि इम्राननं एकाच फाईलमध्ये बदल केले, इम्रानची फाईल माझ्या फाईलवर बसली, आणि एका कारखान्यात सळईनं भरलेले ट्रक दिवसभर रिकामे म्हणून बाहेर पडले. कारखान्याचा मॅनेजर फोनवर जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. सर ते ऐकताना भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होते.

त्या दिवशी बोराडे साहेबांनी ठरवलं की आता कोड ठेवायला नीट प्लॅटफॉर्म घ्यायचा. म्हणजे इंटरनेटवरची अशी जागा, जिथे सगळ्यांचा कोड एकत्र राहतो, कुणी काय बदललं ते नावानिशी दिसतं, आणि चूक सापडली की त्या ओळीखालीच लिहिता येतं. निवड मी करायची, पण अंबेकर सरांचा होकार पाहिजे. "ते नाही म्हणाले आणि सोडून गेले, तर आपले वजनकाटे कोण चालवणार? तू?" साहेबांनी विचारलं.

मी तीन प्लॅटफॉर्म निवडले. पहिला तर जगभर चालणारा. पडद्यावर लाल-हिरव्या ओळी आल्या.

"हे लाल काहून हाय?" सरांनी विचारलं.

"काढून टाकलेली ओळ लाल दिसते सर."

"आन् बाजूला नाव?"

"ज्यानं बदल केला त्याचं."

"कधीपर्यंत राहतं?"

"कायमचं."

सर उठले आणि पाणी प्यायला गेले. आले तेव्हा म्हणाले, "न्हाई. दुसरा दाखवा."

दुसरा आपल्याच ऑफिसातल्या मशीनवर बसवता येणारा होता. बाहेरचं कुणी बघणार नाही, म्हणून सर खूश झाले. मग मी सांगितलं की आपण सहाही जण बघू शकतो. सरांनी बोटांवर मोजून पाहिलं. "सहा म्हंजे चारचौघांच्यावर दोन झाले की."

तिसऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आला. टाय लावलेला, उत्साही. सरांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "याच्यात एकाला बाजूला घेऊन सांगायची सोय हाय का?" तो म्हणाला, प्रायव्हेटची सोय आहे. "तसं न्हाई. बाजूला. जिन्यात." आता कान लाल व्हायची पाळी माझी होती. पुण्याच्या माणसासमोर आपलं ऑफिस काय दिसत असेल, या विचारानं मी टेबलाखाली पाय आवळून बसले. तेवढ्यात त्या माणसाचंच सॉफ्टवेअर अडकलं. पडदा गोल गोल फिरायला लागला, तो घामाघूम झाला. सर घाईघाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, आमचंच नेट स्लो हाय." आणि माइक बंद करून मला, "हाच घेऊन टाकू का हो? बिचाऱ्याचा पार पोपट झाला."

म्हणजे लाल ओळी चालणार नाहीत, पण कीव आली तर वाटेल ते चालणार. मला राग आवरेना. सगळी बसलेली असताना मी म्हणाले, "सर, तुमच्या एकट्यामुळे सगळं अडलंय. तुम्हाला यातलं काही माहीत नाही, शिकायचं नाही, म्हणून तुम्ही घाबरताय."

इम्रान कीबोर्डातली धूळ बघायला लागला. आणि सर? सर माझ्या वतीनं लाजले. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मॅडमला तसं म्हणायचं न्हवतं. दोन रात्री झोप न्हाई त्यांना या कामापायी." माझी झोप उत्तम झाली होती. मला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर.

थोड्या वेळानं ते माझ्या टेबलाशी आले. खिडकीबाहेर बघितलं. मी मुकाट उठले.

गच्चीवर त्यांनी झाकण उघडलंच नाही. चष्मा कपाळावर चढवला, खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर पहिलाच प्लॅटफॉर्म होता, जगभर चालणारा.

"माझं खातं हाय माय याच्यावर. लय दिस झाले." एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा आमचा आदित्य. पुण्याला असतो. यांच्या कंपनीचं हे काम उघडं हाय, कुणीबी बघू शकतं. मी रोज एस.टी.त बसलो की बघतो. काल काय केलं, आज काय केलं."

मी बघितलं. मुलाचं काम नीटनेटकं होतं. एका ठिकाणी मात्र खाली कुणा परदेशी माणसाची इंग्रजी कमेंट होती, हे काम निष्काळजीपणाचं आहे अशी.

"केअरलेस म्हणला त्याला," सर म्हणाले. "साऱ्या दुनियेपुढं. पोराचा फोटो हाय न बाजूला, बघा. त्याच्या तोंडाकडं बघून म्हणल्यासारखं वाटतं. मला त्या दिवशी जेवण गेलं न्हाई."

"मग फोन करायचा ना त्याला."

"माझा उचलत न्हाई. आईशी बोलतो." सरांनी मोबाईल छातीशी धरला. "आमच्या पुतणीचा साखरपुडा होता, अंबडला. मांडवात कुणी तरी इचारलं, आदित्य काय करतो आता? मी म्हणलं, काय करतो, नापास व्हतो आन् बापाच्या जिवावर खातो. लोकं हसले. हसवायलाच बोल्लो होतो मी. तो पंगतीत बसलेला. ताट तसंच ठेवून उठला. रातच्या गाडीनं पुण्याला गेल्ता."

खाली मी जे बोलले होते ते मला तिथे पुन्हा ऐकू आलं, आणि लाज वाटली. उसनी नव्हे, माझी स्वतःची.

"सर, तुम्ही इथे त्याला लिहू शकता," मी म्हणाले. "खासगीत पाठवायला त्याचा ई-मेल असेल. मी शोधून देते."

"लिहितो की रोज. दोन ओळी लिहितो, पुसतो." मग ते गच्चीच्या कठड्याशी गेले. तिथून म्हणाले, "खासगीत म्हणून काय उपेग, माय? बोल्लो होतो चारचौघांत."

आम्ही खाली आलो. सर जागेवर न बसता मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "पहिलावाला घ्या. माझं हो हाय." बोराडे साहेबांनी आनंदानं टेबलावर थाप मारली. लाल ओळींचा नियम सरांनी तिथल्या तिथे घालून दिला: आधी टाकी, मग कमेंट. आणि मग, आपण कुणाला वर का नेतो हे आपणच जाहीर केलं हे लक्षात येऊन, भयंकर ओशाळले. इम्रान म्हणाला, "आम्हाला माहीत नव्हतं सर." देव त्याचं भलं करो.

आदित्यला लिहायला मात्र त्यांनी मला शेजारी बसवलं. पुतणीच्या साखरपुड्यातल्या लोकांइतकी नसली तरी इथेही माणसं असावीत, असं म्हणून बाकीच्यांनाही लांबून बघू दिलं. सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' घालू का, असं विचारलं. मी नको म्हणाले. खाली 'आपला' लिहू का? तेही नको म्हणाले. तासभर खपून त्यांनी त्या इंग्रजी कमेंटांच्या रांगेत मराठीत लिहिलं:

"आदित्य, तुझं काम मी रोज बघतो. तू फार चांगलं काम करतोस. साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोललो ते खोटं होतं आणि माझं चुकलं. – दिगंबर अंबेकर, वडील."

बटण दाबलं आणि ते लगेच पाणी प्यायला गेले.

तो दिवस गेला, काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी त्या निष्काळजी म्हणणाऱ्या परदेशी माणसानं सरांच्या मजकुराखाली एक लाल बदाम टाकला. त्यानं कशावरून तरी भाषांतर करून घेतलं असावं. सर बदामाकडे संशयानं बघत राहिले. दर थोड्या वेळानं ते पान उघडायचे आणि मिटायचे. "पुसून टाकू का? त्याच्या साहेबानं वाचलं तर पोराला खाली बघावं लागंल," असं त्यांनी मला इतक्यांदा विचारलं की माझाही धीर सुटायला आला. चुकलं तर नाही ना आपलं, या विचारानं मलाच त्या अनोळखी मुलाच्या वतीनं शरमल्यासारखं व्हायला लागलं. सरांचा रोग संसर्गजन्य असावा.

जेवणाच्या सुट्टीनंतर उत्तर आलं. सरांनी चष्मा लावला, काढला, आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी वाचलं.

"बाबा, हे कंपनीचं पान आहे. इथे सगळे वाचतात."

सरांचे कान एवढे लाल झालेले मी कधी पाहिले नव्हते. "मी म्हणलं न्हवतं का," ते पुटपुटले आणि मोबाईल घ्यायला हात पुढे केला. पण खाली आणखी एक ओळ होती.

"पुसू नका. शनिवारी येतो."

सरांनी ती स्वतः वाचली. मग परत वाचली, ओठ हलवत. ऑफिसात कुणी कामाचं नाटकसुद्धा करत नव्हतं.

"येतो म्हणला न?"

"म्हणलाय सर."

"शनिवार म्हंजे परवाच की." ते एकदम घाईत आले. डबा पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली, बोराडे साहेबांच्या केबिनकडे बघून पुन्हा माझ्याकडे वळले. "मी आज जल्दी निघतो हां मॅडम. त्याची गादी उन्हात टाकावी लागंल. लय दिस कुणी झोपलं न्हाई तिच्यावर."