दिनेशजींचा डावा पाय

घडलेली गोष्ट सर्वांनी पाहिली आणि कोणीच बोललं नाही, तर ती घडलेली नसते. आपली कुटुंबव्यवस्था याच तत्त्वावर भक्कम उभी आहे.

नवापूरचे कापडाचे व्यापारी मांगीलालशेठ यांच्याकडे ब्रुनो नावाचा लॅब्रॅडॉर आहे. आहार दूध-पोळी, कांदा-लसूण वर्ज्य, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही (पाण्याबाबत शेजाऱ्यांत दुमत आहे). इतक्या सात्त्विक अन्नावर वाढलेल्या जिवाला विकार असूच शकत नाहीत, असं घरात एकमताने ठरलेलं होतं. तो बैठकीतल्या लोडावर चढून जे करी, त्याला 'लोड सरकवणं' म्हणत.

गेल्या रविवारी शेठजींच्या मुलीला, नेहलला, पाहायला शहाद्याहून दिनेशजी सपत्नीक आले. सोबत मुलगा रिषभ. नेहल धडगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. दवाखाना गुरांचा आहे, हे बायोडाटात जागेअभावी राहून गेलं होतं. रिषभला ते ठाऊक होतं. दोघं दोन महिने फोनवर बोलत होते आणि नेहलला तो मनापासून आवडला होता.

चहा-फरसाण आलं आणि ब्रुनोने दिनेशजींच्या डाव्या पायाला मिठी मारून कार्य आरंभलं.

यजमानाचा कुत्रा झटकणं पाहुण्याला शोभत नाही आणि पाहुण्याच्या पायाकडे बोट दाखवणं यजमानाला. सबब दोघं कापसाच्या भावावर बोलत राहिले. दिनेशजींचा आवाज थोडा हलत होता, इतकंच. खोलीत माणसं नऊ, डोळे अठरा. पैकी पंख्याकडे सहा, फरसाणाकडे आठ (त्यात दोन माझे, मी शेजारी), कॅलेंडरकडे दोन. उरलेले नेहलचे. असं सात मिनिटं चाललं.

शेवटी नेहलच म्हणाली, "काकाजी, तो वाईट नाही. घरात गडबड झाली की काही कुत्र्यांना आनंद आवरत नाही, ताणही येतो, मग ते असं करतात. माद्याही करतात. ओरडायचं नाही, लक्ष दुसरीकडे वळवायचं." तिने चेंडू टाकला. ब्रुनो पाय सोडून चेंडूमागे गेला.

म्हसावदचे भिला पाटील, शेठजींचं जुनं गिऱ्हाईक, कोपऱ्यातून म्हणाले, "पोर खरं सांगी ऱ्हायनी, शेठ. मन्हा गोऱ्हाबी असाच करस."

दिनेशजींनी कप खाली ठेवला. "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे."

तिने रिषभकडे पाहिलं. रिषभ पंख्याकडे पाहत राहिला. मला त्याचा फार राग आला, पण तोंडात शेव होती.

चौथ्या दिवशी निरोप आला. घर चांगलं आहे, कुत्रा प्रेमळ आहे, मुलीला मात्र कुठे काय बोलावं ते कळत नाही. घरात रीतसर चौकशी झाली. ब्रुनो निर्दोष सुटला आणि त्याला तूप लावलेली पोळी मिळाली. नेहलला समज देण्यात आली. ती जीप पकडून धडगावला कामावर गेली. घाटात रडली का, मी विचारलं नाही.

आता तुमचं. सात मिनिटं कुत्रा पायावर होता, तेव्हा तुम्ही हसत होतात. ती बोलायला लागली तेव्हा मात्र 'अगं बाई, गप्प बस' असं मनात आलं.

नाही आलं? बरं. फरसाण घ्या.